कंपनी काढून देणारे गृहस्थ

नगरच्या कापडबाजाराच्या टोकाला, भांड्यांच्या एका दुकानावरच्या माडीत हे गृहस्थ बसत. खाली दिवसभर तांब्यापितळेची ठोकाठोक चाले आणि वर हे लोकांना कंपनी काढून देत. गावात दात काढून देणारे होते, पत्रिका मांडून देणारे होते, अर्ज लिहून देणारे तर कचेरीच्या पायरीपायरीवर होते. कंपनी काढून देणारे मात्र हे एकटेच. त्यांचं खरं नाव जिन्याच्या तोंडाशी पाटीवर रंगवलेलं होतं, पण ते कुणी घेत नसे. गाव त्यांना ‘लिमिटेड’ म्हणे. तोंडावरही म्हणे. त्यांना तो मान वाटे.

अंगाने किडकिडीत, पण कोट दुसऱ्याच कुणा भरदार माणसासाठी शिवल्यासारखा. भर मे महिन्यातही त्याची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली. कानावर कॉपिंग पेन्सिल. लिहिण्याआधी ती जिभेला लावायची सवय, त्यामुळे जीभ आणि खालचा ओठ कायम जांभळा. शाईला ते हात लावत नसत. शाई सांडते, कपडे खराब करते, तिची जबाबदारी कुठवर जाईल ते सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो ते शाईची कंपनी काढायला.

जबाबदारी हा त्यांचा आवडता शब्द. ती घ्यायची कशी हे त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलं नाही, टाळायची कशी हे मात्र ते न विचारताही सांगत. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणत, “लग्नाला मर्यादा घालून घेता येत नाही. कायद्यात सोय नाही.” त्यांच्या जिन्यात दिवसाही अंधार असे. एकदा गुळाचे एक व्यापारी त्या जिन्यावरून घसरले आणि खालच्या पायरीवर कण्हत पडले. मी त्यांच्या मागेच होतो. वरून लिमिटेड बाहेर आले, कठड्याला धरून वाकले आणि जिना ही घरमालकाची मिळकत असून भाडेकरूवर तिचं काही येत नाही, हे त्यांनी त्या पडलेल्या माणसाला नीट समजावून सांगितलं. मग मला म्हणाले, “उचला त्यांना. तुम्ही त्रयस्थ आहात, तुम्हाला चालेल.”

आता शाईचं सांगतो. मी मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यापासून विलायती शाई मिळेनाशी झाली होती. मिळे ती पाणचट. मुलांची परीक्षेची उत्तरं सुकेपर्यंत पुसट व्हायची. हिरडा, हिराकस आणि बाभळीचा डिंक यांची शाई करतात हे मला पुस्तकातून माहीत होतं. भंडारदऱ्याकडच्या डोंगरात आमच्या ओळखीचे एक मास्तर होते, त्यांनी हिरड्याचं पोतं सर्व्हिस मोटारीवर टाकून पाठवलं. माझी थोरली बहीण, आक्का, नवरा वारल्यावर माझ्याकडे राहत होती. मेव्हणे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे मोजून-मापून घोटण्याची तिला सवय. आम्ही दोघांनी परसात चूल मांडली. पहिली शाई बुरसली, दुसरी निबाला चिकटून बसली, पुढची बरी उतरली. मग आक्का त्यात इतकी रमली की मला चुलीजवळ येऊ देईना.

आक्काला भावाच्या घरात राहायला आवडत नव्हतं. माझी बायको तिला काही बोलत नसे, मीही नाही. पण आक्का ताटावर बसली की पोळी मागायची नाही, वाढली तेवढीच खायची. ते मला दिसत होतं. शाईची पहिली बाटली शाळेने घेतली त्या दिवशी तिने स्वतः हात पुढे करून पोळी मागून घेतली.

भिंगारला गोविंदराव म्हणून माझे मित्र होते. छावणीलगतच्या बाजारात त्यांचं कागद, दौती, टाक, पेन्सिलींचं दुकान. आमची शाई ते विकू लागले. माणूस मनाने चांगला, पण मोठं काहीतरी होणार या कल्पनेनेच त्याला घाम फुटायचा. एके दिवशी ते धापा टाकत माझ्याकडे आले. छावणीतल्या एका कचेरीला वर्षभराची शाई हवी होती. “पण मास्तर, ते काम रजिस्टर केलेल्या कंपनीलाच देतात,” ते म्हणाले. “आपण कंपनी काढली पाहिजे.”

कंपनी कशी काढतात हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा जाणकाराकडे जायचं ठरलं.

पहिल्यांदा आम्ही कोर्टाच्या आवारातल्या एका वकिलांकडे गेलो. सुपारी कातरत त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमचा एकमेकांवर विश्वास आहे?” आहे म्हटल्यावर ते म्हणाले, “मग भागीदारीचा साधा करार करून घ्या. मी लिहून देतो. कंपनीचं काम मी कधी केलेलं नाही. न येणाऱ्या कामात मी हात घालत नाही.” बाहेर पडल्यावर गोविंदराव म्हणाले, “आपल्याला येत नाही असं हा माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतो. कसला वकील?” दुसरे एक वयस्कर हिशेबनीस होते, पेठेतल्या बऱ्याच दुकानांच्या वह्या लिहायचे. त्यांनी बाटलीचं बूच काढून शाईचा वास घेतला, बोट बुडवून बघितलं आणि म्हणाले, “माल चांगला आहे. आधी वर्षभर विका. मग माझ्याकडे या.” गोविंदरावांना हेही रुचलं नाही. वर्षभर विकायला सांगायला हिशेबनीस कशाला हवा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आणि मग लिमिटेड. त्यांनी माल विचारला नाही, भांडवल विचारलं नाही, विश्वासाचं तर नावच नाही. डोळे मिटून विचारलं, “कंपनीचा जन्म कोणत्या महिन्यात व्हावा अशी इच्छा आहे?” गोविंदरावांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की सल्लागार ठरला हे मी समजलो. मला तो माणूस पहिल्या क्षणापासून आवडला नव्हता, आणि ते मी जिना उतरता उतरताच सांगितलंही. गोविंदराव म्हणाले, “मास्तर, तुम्हाला विज्ञान कळतं. माणसं मला कळतात.”

पहिल्या बैठकीला आक्काही आली. माडीत चार खुर्च्या होत्या. एकीवर लिमिटेड, दोन आम्हा दोघांना. चौथी रिकामी. आक्का सरळ तिच्यावर जाऊन बसली.

“बाई, तिथे नका बसू,” लिमिटेड म्हणाले.

“का? मोडकी आहे?”

“ती कंपनीची खुर्ची आहे. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती असते. तुमच्याआमच्यासारखी. बैठकीला ती हजर आहे असं धरून चालायचं असतं.”

आक्काने शेजारी पाहिलं, मागे पाहिलं, पदर सारखा केला. “अजून जन्मली नाही ना? आली की उठेन,” ती म्हणाली.

लिमिटेड हसले नाहीत. ते कधीच हसत नसत, हसण्यातून काय काय उद्भवेल याची त्यांना भीती असावी. त्यांनी गोविंदरावांना उठवलं, त्यांची खुर्ची कंपनीला दिली आणि गोविंदरावांना खिडकीच्या कट्ट्यावर बसवलं. गोविंदराव बसले. खाली हंड्यावर घण पडत होते आणि वर हा माणूस रिकाम्या खुर्चीकडे मान लववून बोलत होता, हे दृश्य आठवलं की अजून मला त्यांच्यापेक्षा गोविंदरावांचाच जास्त राग येतो.

पुढचे कित्येक रविवार कंपनीच्या नावात गेले. ‘शाई’ हा शब्द नावात नको, असा लिमिटेडचा आग्रह. त्याने कंपनीचे हातपाय बांधले जातात म्हणे. शेवटी जे नाव ठरलं त्यात हिंद होतं, जनरल होतं, इंडस्ट्रियल होतं, आणि शेवटी अर्थातच लिमिटेड होतं. आपण काय करतो हे त्यावरून कुणाच्या बापाला कळलं नसतं. मग उद्देश. कंपनी कोणकोणते उद्योग करणार याची यादी मसुद्यात घालावी लागते. मी म्हटलं, शाई करणे व विकणे. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहायला घेतलं. खाणी घेणे. जंगलं घेणे. छापखाने, सूतगिरण्या. रेल्वे व ट्रामगाड्या चालवणे. आगबोटी बांधणे, विकत घेणे वा भाड्याने देणे.

“नगरला आगबोटी?” मी विचारलं. “भंडारदऱ्याच्या धरणात चालवायच्या का?”

“मास्तर,” ते शांतपणे म्हणाले, “आज तुम्हाला आगबोट नको आहे. उद्या हवीशी वाटली तर कायदा आड येईल. तेव्हा माझ्याकडे रडत येऊ नका.”

गोविंदराव कट्ट्यावरून म्हणाले, “राहू द्या हो बोटी. असूनही काय बिघडतं?”

या रविवारांमध्ये त्या माणसाने आमच्या शाईची बाटली एकदाही हातात घेतली नाही. आक्काने पहिल्या दिवशीच एक भेट म्हणून नेली होती. ती खिडकीच्या कट्ट्यावर तशीच पडून होती, उन्हाने बुचाला तडा गेलेला.

डायरेक्टर ठरवायची वेळ आली तेव्हा मात्र गंमत संपली. माझ्या मनात सरळ हिशेब होता. मी, गोविंदराव आणि आक्का. लिमिटेड म्हणाले, असल्या नावांनी कंपनी उभी राहत नाही, बाजारात वजन पडावं लागतं. स्टेशन रोडला राहणारे एक सेवानिवृत्त अंमलदार त्यांनी चेअरमन म्हणून सुचवले. हे अंमलदार दुपारच्या जेवणानंतर बोललेलं काहीही ऐकू शकत नसत, कारण झोपलेले असत. त्यांच्या जोडीला त्यांचे जावई. सेक्रेटरी म्हणून स्वतः लिमिटेड, तहहयात. गोविंदराव डायरेक्टर. मी सरकारी अनुदानाच्या शाळेत नोकरीला, म्हणून मी नको.

“आणि आक्का?” मी विचारलं.

“बाईंचं नाव कशाला? बाई, त्यातून विधवा, त्यातून...” पुढचं त्यांनी गिळलं. आम्ही ख्रिस्ती होतो, ते त्यांना म्हणायचं होतं हे न कळण्याइतकी ती माडी मोठी नव्हती. “बाई काम करतीलच. उत्पादन विभागात. रोजंदारी ठरवून टाकू.”

आक्का तिथेच बसली होती. गोविंदराव नखं बघत राहिले. मी काही बोलणार तोच आक्काने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लिमिटेडना विचारलं, “शाई कशाची करतात, सांगता येईल तुम्हाला?”

“बाई, तो तपशील झाला. आपण इथे रचनेबद्दल बोलतो आहोत.”

“बरं,” ती म्हणाली. “रचना तुमची. तपशील मी घरी घेऊन जाते.”

ती उठली, कट्ट्यावरची आपली बाटली उचलून पदराखाली घेतली आणि जिना उतरून गेली. मी मागोमाग गेलो. रस्ताभर ती माझ्या चार पावलं पुढे चालली. घरी आल्यावर परसात गेली आणि पोत्यातला उरलेला हिरडा निवडायला बसली. संध्याकाळी जेवताना म्हणाली, “गोविंदरावांना सांग, उद्यापासून दुकानात बाटल्या जाणार नाहीत. मी शाळाशाळांतून फिरून विकीन.” त्या रात्री तिने पुन्हा पोळी मागितली नाही. मला लिमिटेडचा एवढा संताप आयुष्यात कधी आला नाही.

गोविंदराव मला समजवायला आले. एकदा कंपनी होऊ दे, आक्कांना मग आत घेता येईल, कायद्यात तशी सोय आहे असं लिमिटेड म्हणतात. मी त्यांना चहा दिला आणि दाराबाहेरपर्यंत पोचवलं.

कंपनी झाली. लिमिटेड स्वतः मुंबईला जाऊन ती रजिस्टर करून आले. आले ते थेट देवदर्शनाहून आल्यासारखे. दाखला चौकटीत बसवून त्यांनी माडीत लावला. त्या भिंतीवर अशा बऱ्याच चौकटी होत्या: एक तेलाची कंपनी, एक काचेची, एक नाटकमंडळी, एक सुगंधी तपकिरीची. यांतली एकही चालू नव्हती, काहींचे मालक गाव सोडून गेले होते. दिवाळीला लिमिटेड त्या सगळ्या चौकटींना झेंडूच्या माळा घालत. एकदा मी विचारलंच, “या सगळ्या बुडाल्या ना?” त्यांचा चेहरा मी त्यांना शिवी दिल्यासारखा झाला. “कंपनी मरत नाही, मास्तर. माणसं मरतात, पळून जातात. ती असते.” बोलता बोलता त्यांनी कोटाच्या बाहीने एका चौकटीची काच पुसली. त्या एका क्षणी मला वाटलं की या माणसाला खरोखरच कुणी नाही. या चौकटीच त्याचं गोत. पण आक्का आठवली आणि ती दया तिथेच आटली.

मग छावणीच्या कचेरीने बोलावलं. गोविंदराव माझ्याकडे आले. येताना त्यांनी सणाला घालायचा रेशमी रुमाल बांधला होता. “मास्तर, तुम्ही चला. शाईबद्दल काही शास्त्रीय विचारलं तर?” मी शाळेची अर्धी सुट्टी काढून गेलो, खोटं कशाला बोलू, तमाशा बघायला गेलो. टांग्यात चेअरमन, त्यांच्या शेजारी लिमिटेड, मांडीवर मखमली पेटीत कंपनीचा शिक्का. गोविंदराव आणि मी सायकलींवर मागून.

कचेरीत खरेदीचं काम बघणारे एक मद्रासी हेडक्लार्क होते. टेबलावर कागदांचे ढीग, समोर टाकांची रांग. त्यांनी चौघांना बसवलं. लिमिटेड उठून उभे राहिले आणि त्यांनी कंपनी सांगायला सुरुवात केली. दाखला पुढे ठेवला, उद्देशांचं मेमोरँडम पुढे ठेवलं, शिक्क्याची पेटी उघडून दाखवली. चेअरमनसाहेबांची नोकरीतली कामगिरी इंग्रजीत सांगितली. चेअरमन स्वतः पंख्याखाली डोळे मिटून होते. हेडक्लार्कनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला.

“स्याही?”

लिमिटेडनी मेमोरँडमचं पान उलटून उद्देशांवर बोट ठेवलं.

“नहीं, नहीं. स्याही किधर है? बोतल?”

लिमिटेडनी गोविंदरावांकडे पाहिलं. गोविंदरावांनी माझ्याकडे. मी खिडकीबाहेर. “नमुना मागाहून सादर करू,” लिमिटेड म्हणाले. “शाई हा तपशील आहे. आधी कंपनीशी करार व्हावा.”

हेडक्लार्क काही वेळ त्यांच्या जांभळ्या ओठाकडे पाहत राहिले. मग त्यांनी गोविंदरावांना छावणीतल्या मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं की बाबा, तुझ्या दुकानातून आमचा शिपाई मागे एक बाटली घेऊन आला होता, ती चांगली काळी शाई, साहेबाला पसंत पडलेली, ती कुठाय? ती कोण बनवतं?

“ती... ती एक बाई बनवतात,” गोविंदराव म्हणाले.

“तो उस बाई को लाओ. कंपनी का क्या करना है हमको?”

गोविंदरावांनी डोक्यावरचा रुमाल चाचपला. ते म्हणाले, “पण आपण रजिस्टर कंपनीलाच काम देता ना?”

“कौन बोला?”

गोविंदराव सावकाश वळले आणि लिमिटेडकडे पाहू लागले. तेव्हा मला कळलं. कंपनी पाहिजे ही अट छावणीने घातलेलीच नव्हती. ती गोविंदरावांना, त्यांनीच मला नंतर कबूल केलं त्याप्रमाणे, न्हाव्याच्या दुकानात दाढी करता करता शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी सांगितली होती, आणि ते गृहस्थ हेच. आमचे एवढे रविवार, आक्काचा अपमान, मुंबईची खेप, सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं. मी लिमिटेडकडे पाहिलं. मला वाटलं निदान आता तरी मान खाली जाईल. ते शिक्का पुसून पेटीत ठेवत होते.

“नियम नसेल,” ते म्हणाले, “पण असायला हवा.”

त्यांनी चेअरमनना हलवून जागं केलं आणि टांग्यात बसवलं. चेअरमन जाता जाता हेडक्लार्कना म्हणाले, “फार समाधान वाटलं.”

गोविंदराव दुसऱ्या दिवशी आक्काकडे आले. अंगणात उभेच राहिले. आक्काने त्यांना ‘बसा’ म्हटलं नाही. त्यांनी जे झालं ते खाली मान घालून सांगितलं, काही लपवलं नाही.

“माझ्या नावावर मिळेल काम?” तिने विचारलं.

“हो. ते म्हणाले बाईच पाहिजेत.”

“बाटल्या तुम्ही पुरवाल?”

“पुरवीन. आणि छावणीत पोचवीन. तुम्ही सांगाल तो माझा हिस्सा.”

“ते त्या सुपारीवाल्या वकिलांकडून लिहून घेऊ,” आक्का म्हणाली. मग मला म्हणाली, “आत पाट टाक. जेवून जातील.”

ते जेवले. आक्काने स्वतः वाढलं, आणि मग तीही आमच्याच पंगतीला बसली.

छावणीत तिची शाई लढाई संपेपर्यंत गेली. परसातली चूल पुरेना म्हणून भिंगारला एक पत्र्याची शेड घेतली. पुढे विलायती शाई पुन्हा येऊ लागली तेव्हा तिचं काम निम्म्यावर आलं, पण जिल्ह्यातल्या शाळा तिने सोडल्या नाहीत. ती शेडजवळच दोन खोल्या घेऊन राहायला गेली. मी नको म्हटलं, बायकोही नको म्हणाली. “रविवारी येईन की चर्चहून,” ती म्हणाली, आणि येत असे.

लिमिटेडना याची काही लाज वाटली असेल असं कुणी समजू नये. त्यांनी गावभर सांगितलं की छावणीचा मोठा मक्ता आपल्या कंपनीने मिळवला. मला रस्त्यात भेटले तर विचारत, “काय म्हणते आपली कंपनी?” मी उत्तर देत नसे. ते अदबीने बाजूला होऊन मला वाट देत. चेअरमन वारले, जावई बदली होऊन गेले, आगबोटी काही आल्या नाहीत. चौकट मात्र भिंतीवर होती. दिवाळीची माळही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते लढाई संपून बरेच दिवस झाल्यावर, जामखेडला. मी परीक्षेच्या कामाला गेलो होतो. मोटार सुटायला अवकाश होता म्हणून बाजारातल्या एका ओळखीच्या बागायतदारांच्या दुकानात टेकलो. घरची शेती मोठी, जोडीला त्यांनी शेंगा फोडायचं यंत्र बसवलं होतं आणि आता तेलाचा घाणा काढायचा त्यांचा विचार होता. गादीवर लोडाला टेकून, भरड्या पंच्यावर शेंगा सोलत, बटणं गळ्यापर्यंत लावून लिमिटेड बसले होते. मला पाहून त्यांनी ओळखीची मान हलवली आणि शेंगा सोलणं चालू ठेवलं.

बागायतदारांनी चहा सांगितला. मग म्हणाले, “गुरुजी, बरं झालं आलात. ह्ये सायेब नगरचे. आमची कंपनी काढून देत्यात. तुमी बी नगरचेच. तुमचं काय म्हननं हाय?”

माझ्या समोर तो माणूस बसला होता. मी ठरवलं, आज मागे ठेवायचं नाही. मी पहिल्यापासून सांगितलं. खुर्ची सांगितली, उद्देश सांगितले, आक्काला काय म्हणाले ते सांगितलं, न्हाव्याचं दुकान सांगितलं, छावणीतली फजिती सांगितली. नावं न घेता नव्हे. प्रत्येक वेळी बोट दाखवून. तेल काढायला घाणा लागतो, शेंगा लागतात, गिऱ्हाईक लागतं, आणि भागीदार असलेच तर एक साधा करार लागतो, तो जामखेडचा कुणीही वकील करून देईल, हेही सांगितलं. लिमिटेडनी एकदाही मला अडवलं नाही. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला असं त्यांचं चाललं होतं.

बागायतदारांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मधेमधे ‘व्हय, व्हय’ म्हणाले. आक्काच्या जागी तर त्यांनी चुकचुक केली. माझं संपल्यावर त्यांनी पंच्यावरचा एक दाणा उचलून तोंडात टाकला.

“गुरुजी,” ते म्हणाले, “तुमचं समदं खरं असंल. तुमी कशापायी खोटं बोलाल? अन् बोलला बी कसं सरळ. पयल्यापासनं शेवटपातुर समदं समजलं मला.”

“मग?”

“मंग काय. समजल्यालं इकत कोन घेतं?” ते म्हणाले, आणि माझ्याकडची चहाची बशी उचलून घेत लिमिटेडकडे वळले. “हां सायेब. त्या आगबोटीचं काय म्हनत हुता?”